डाव्या पायाचा उशीर

४ मार्च

दादा,

उघडलंस ना? म्हणजे अर्धी लढाई झाली. पाकिटावरचं अक्षर बघून तू ते चुलीत घालशील अशी माझी पक्की खात्री होती.

पत्ता वहिनीनं दिला. तिच्यावर चिडू नकोस. मी तीनदा विचारलं तेव्हा दिला, आणि "ताई, माझं नाव सांगू नका" असंही म्हणाली. ते मी सुरुवातीलाच सांगून बसले. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

मी माफी मागायला लिहीत नाही, हे आधीच सांगते. काम वेगळं आहे. मला बाबांचा उजवा बूट परत हवाय.

तू नेलास तो. नऊ वर्षांपूर्वी भांडणाच्या भरात फळीवरून उचललास, "आता बसा दोघं एका पायावर" म्हणालास आणि जिना उतरून गेलास. जोडी नेली असतीस तर चोरी म्हणता आली असती. एकच बूट नेणाऱ्याला काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही. बाबांनी त्या जोडीवर तीस वर्षं पडद्यावरच्या सगळ्या मोठ्या माणसांना चालवलं. जेलर, न्यायाधीश, गिरणीमालक. पाय कोणाचेही असोत, आवाज त्या बुटांचा. तू गेल्यावर मी म्हटलं, नवी जोडी घेऊ. तर म्हणाले, "कशाला? बूट आहे तो. चालत येईल." आणि डाव्या बुटाशेजारची जागा रिकामी ठेवली. ती अजून तशीच आहे.

आत्ता गरज का पडली, तर एक हिंदी सिनेमा आलाय, हाणामारीचा. दोन घराणी, ट्रकचा धंदा, एक गोदाम आणि तीन पिढ्यांचं वैर. मध्यंतरापर्यंत सोळा माणसं मेली आहेत. मला आकडा माहीत आहे, कारण प्रत्येकाला मीच मारते. ओला टॉवेल, चामड्याचा पट्टा आणि कोबीचे गड्डे, ठोशांचे सगळे आवाज यांतूनच काढते. मारून उरलेला कोबी मी आणि रेकॉर्डिस्ट मुलगी वाटून घरी नेतो. वैराचं मूळ कारण काय म्हणून मी दिग्दर्शकाला विचारलं. तो म्हणाला, "फ्लॅशबॅकमध्ये होतं. लांबत होतं, कापलं."

मोठ्या घराचा जो म्हातारा आहे, तो जिथे जिथे पाठमोरा दिसतो तिथे तो नट नाही, त्याच्या जागी उड्या मारणारा डुप्लिकेट आहे. हे मी पहिल्या रिळातच ओळखलं. टोप पांढरा आहे, पण मान तुझी आहे. इतक्या वर्षांनी दिसलास आणि तोही पाठमोरा. बाबा जाण्याआधी त्यांना बघायला आलास तेव्हासुद्धा हॉस्पिटलच्या दारातूनच मागे फिरला होतास. तुझी पाठ मला आता चेहऱ्यापेक्षा जास्त ओळखीची झाली आहे.

असो. बूट पाठव. त्या म्हाताऱ्याला बाबांच्याच बुटांनी चालवायचंय मला.

खडखड
(हे नाव तूच ठेवलंस. दुसरं कोणी या नावानं हाक मारत नाही.)


११ मार्च

दादा,

बूट आला नाही. अपेक्षा नव्हतीच, तरी रोज टपालपेटीत हात घालून बघते.

रेकॉर्डिंगची खोली तशीच आहे. जमिनीवर बाबांनी आखलेले चौकोन: सिमेंट, लाकूड, फरशी, खडी आणि पत्रा. काचेपलीकडे आता रेकॉर्डिस्ट मुलगी बसते. कानाची पक्की आहे आणि तोंडाची फटकळ, म्हणजे आपल्या घरात खपली असती.

या आठवड्यात चौथं रीळ चाललं होतं. म्हातारा एकटाच गोदामाचं अंगण ओलांडतो. बावीस पावलं, सिमेंटवर. तू आहेस, पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठमोरा. मी डाव्या पायात बाबांचा बूट चढवला, उजव्यात दुसराच एक, पुढे कापूस कोंबून. चालले. रेकॉर्डिस्ट म्हणाली, "ताई, डावा पाय उशिरा पडतोय." मी म्हटलं, बूट विजोड आहेत म्हणून. पुन्हा चालले. पुन्हा तेच. तीन दिवस मी त्या बुटाला आणि बुटाच्या निमित्तानं तुला शिव्या घातल्या. "एक बूट नेला आणि माझं सगळं काम लंगडं केलं," असं मोठ्यानं म्हणालेसुद्धा. माइक चालू होता. ते कुठेतरी साठवून ठेवलं असेल तिनं.

चौथ्या दिवशी दोन्ही पायांत एकाच जोडीचे बूट घातले. तरी डावा उशिराच.

मग पडद्याकडे नीट बघितलं. माझी चूक नव्हतीच. बाबा सांगायचे ना, पायाकडे बघू नका, खांदा बघा, पाऊल खांद्यातून निघतं. मी तुझा खांदा बघत होते आणि माझं अंग आपोआप तुझ्यासारखं चालत होतं. डावा पाय मागे राहतो, टाच टेकते, मग जपून वजन येतं. संध्याकाळी घरी जाताना माझा डावा गुडघा दुखायला लागला, दादा. माझ्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही.

दिग्दर्शकाला लंगडा म्हातारा नको होता. म्हणाला, "नट तर व्यवस्थित चालतो, तुमच्या आवाजात का लंगडतोय?" मी पावलं ठणठणीत करून दिली. हाडाची कारागीर आहे मी, पडद्यावर पाय ओढणारा माणूस ऐकताना धडधाकट वाटेल असं काम केलं. सगळे खूश झाले. मला मात्र घरी येऊन जेवण गेलं नाही, कारण तुझं दुखणं आता कोणालाच ऐकू येणार नाही.

आणि मग कळलं की शेवट अजून शूट व्हायचाय. दोन एप्रिलला. म्हातारा गोदामाच्या पत्र्यावरून धावत येतो आणि खाली उडी मारतो. चार मजले. खाली पुठ्ठ्याची खोकी. धावत येऊन उडी, म्हणजे शेवटचा जोर डाव्या पायावर. तू कायम डाव्या पायावरूनच उडतोस, लहानपणी ओढ्यावरूनसुद्धा.

मला एवढंच विचारायचंय. तुझ्या फाइट मास्तरांना हे माहीत आहे का?

खडखड


१६ मार्च

दादा,

वहिनीचा फोन आला होता. म्हणाली, "पत्रं वाचतात, घडी घालतात आणि खिशात ठेवतात. बोलत काही नाहीत." गुडघ्याला पट्टा बांधतोस आणि ती आली की वर टॉवेल टाकतोस, हेही म्हणाली. चाळिशी उलटलेला माणूस बायकोपासून गुडघा लपवतो. कमाल आहे तुझी.

आता एक गोष्ट लिहिते, ती लिहायला मला तीन कागद फाडावे लागले आहेत.

नऊ वर्षांपूर्वी तुझा हाच गुडघा दुखावला होता आणि तू तो लपवला होतास. मी सरळ जाऊन निर्मात्याच्या माणसाला सांगितलं. तुझं आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम हातचं गेलं आणि पुढे दोन वर्षं कोणी तुला बोलावलं नाही. मी तेव्हापासून सगळ्यांना सांगत आले की मी तुझ्या जिवासाठी सांगितलं. बाबांना, वहिनीला, स्वतःलाही.

ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की बाबांची कंबर तेव्हाच बसायला लागली होती. ते स्टुलावर बसून बूट हातात घालून पावलं काढायचे आणि धावायचं, पडायचं, मारायचं सगळं माझ्या एकटीच्या अंगावर येत होतं. तुला उड्या मारायला मोकळं रान आणि मी खोलीत, याचा मला राग होता. मला वाटलं, तिकडचं दार बंद झालं की तू मुकाट्यानं इथे परत येशील. तुझ्या दुखण्याचा मी माझ्यासाठी उपयोग केला. मला त्याची लाज वाटते. तू चिडून बूट नेलास ते कमीच होतं.

म्हणून आज मी अडकले आहे. सांगावं तर तुझं काम पुन्हा माझ्याच तोंडानं जाईल, आणि मी नक्की कोणासाठी सांगतेय याचा माझाच मला भरवसा नाही. न सांगावं तर चार मजले आहेत.

या वेळी मी कोणालाही सांगणार नाही. शब्द देते. पण तू सांग. तूच सांग, दादा.

खडखड


२१ मार्च

दादा,

आज माझ्या शब्दाची परीक्षा झाली.

दुपारी तुझे मास्तर खोलीवर आले. मारामारीच्या रिळांचे आवाज ऐकायचे होते म्हणाले. दोन तास बसले, कोबी कसा फुटतो ते बघून लहान मुलासारखे हसले. जाताना दाराशी थांबले.

"पोरी, तुझ्या बापाला मी ओळखत होतो. नुसत्या पावलांवरून माणसाचा ताप सांगायचा. तुला येतं का तसं?"

मी म्हटलं, "थोडंफार."

"मग सांग बघू. तुझ्या भावाचं पाऊल कसं वाटतं तुला?"

माझ्या जिभेच्या शेंड्यावर होतं. एक वाक्य बोलायचं होतं आणि तू खाली, जमिनीवर, धडधाकट राहिला असतास. मी म्हटलं, "मास्तर, ते त्यालाच विचारा." ते "बरं" म्हणाले आणि गेले.

गेल्यावर मी खडीच्या चौकोनात फतकल मारून बसले. तू पडलास तर हे गप्प बसणंही माझ्याच माथी येणार आहे. सांगितलं तरी मी, नाही सांगितलं तरी मी. या सिनेमातल्या म्हाताऱ्यांचा मला हेवा वाटायला लागलाय. त्यांना निदान बंदुका तरी दिल्या आहेत.

सोबत एक पेन ड्राइव्ह आहे. त्यात चित्र नाही, नुसता आवाज, अर्ध्या मिनिटाचा. काय आहे ते लिहीत नाही. लहानपणी आपण दाराआड बसून जिन्यावरची पावलं ओळखायचो, आठवतं? दूधवाला, शेजारच्या काकू, बाबा रागात, बाबा खुशीत. तू कायम जिंकायचास. आपल्या घरात पावलं ओळखायला कधी चिठ्ठी लागली नाही.

एकटा असताना ऐक.

खडखड


२६ मार्च

खडखड,

मला लिहायची सवय नाही. चुकलं तर सांभाळून घे.

बाबांचं शेवटच्या वर्षातलं चालणं तू रेकॉर्ड करून ठेवलं होतंस, हे मला माहीत नव्हतं. तीनदा ऐकलं. डोळ्यांत पाणी आलं. तुझी वहिनी आत आली, तिला सांगितलं धूळ गेली.

तुला एक माहीत नाही. त्या वर्षी मी एकदा तिथवर आलो होतो. जिना चढलो नाही. खाली उभा राहिलो. वर ते चालत होते. अगदी असंच. पाय मागे राहायचा, टाच टेकायची, मग जिवावर येऊन पुढचं पाऊल. बूट माझ्या पिशवीत होता. द्यायलाच आलो होतो. ते चालणं ऐकून हिंमत झाली नाही. परत फिरलो.

त्यांनी तेव्हाच काम थांबवायला हवं होतं. अशा पायावर दिवसदिवस उभं राहायचं म्हणजे काय. पण हट्टी माणूस. कोणी सांगितलेलं ऐकलं असतं तर शपथ.

तू मागे जे सांगितलंस, त्याबद्दल लिहिलंस ते वाचलं. मला तेव्हाच कळलं होतं. तू स्वतः म्हणावंस एवढंच हवं होतं. आता म्हणालीस. संपलं.

माझा गुडघा ठीक आहे. उडी दोन तारखेला आहे. काळजी करू नकोस.

बूट माझ्याकडेच आहे. पॉलिश करून ठेवलाय.

दादा


२८ मार्च

दादा,

टपालाचा भरवसा नको म्हणून ही चिठ्ठी वहिनीच्या हातात देते आहे.

ते बाबा नाहीत.

मी त्यांचं चालणं कधीच रेकॉर्ड केलं नाही, माझ्याकडून झालं नाही ते. तू ऐकलंस ते चौथं रीळ आहे, मी ठणठणीत करण्याआधीचं, गोदामाचं अंगण, बावीस पावलं. ते तुझं चालणं आहे. बूट माझ्या पायात होते, एवढंच.

तुझंच पत्र पुन्हा वाच. आणि मग ते परत ऐक.

खडखड


१० एप्रिल

दादा,

तुझी चिठ्ठी पोचली. उत्तराला उशीर झाला, कारण आधी पोटभर रडून घ्यायचं होतं आणि मग कामं साचली होती.

दोन तारखेला माझा दिवस कसा गेला ते तुला कळायला हवं. वहिनी तुझ्याबरोबर गेलेली, आणि तिथे गेटवरच सगळ्यांचे फोन काढून घेतात. मी दिवसभर फोन उराशी धरून बसले. एका बाईनं विमा विकायला फोन केला, तिला मी विचारलं, "कसा आहे तो?" ती बिचारी घाबरून गेली.

तीन तारखेला सकाळी खोलीवर पोचले तर रेकॉर्डिस्ट म्हणाली, "ताई, उडीचं शूटिंग आलंय. लावू?" मला पडद्याकडे बघवेना. मी पत्र्याच्या चौकोनात उभी राहिले, डोळे गच्च मिटले आणि म्हटलं, चित्र नको, जागेवरचा कच्चा आवाज तेवढा लाव.

आधी वारा. मग कोणीतरी "चला" म्हणालं. मग पत्र्यावर धावत आलेली पावलं, सात.

डावा वेळेवर होता. सातही पावलं स्वच्छ, एकसारखी, हलकी. ती तुझी नव्हती.

मी तिथेच पत्र्यावर मांडी घालून बसले आणि ओक्साबोक्शी रडले. माइक चालूच होता. तिच्याकडे आता माझ्या शिव्याही आहेत आणि रडणंही आहे.

दुसऱ्या दिवशी तुझी चिठ्ठी आली. किती वेळा वाचली असेल! "परत ऐकलं. मग हिला ऐकवलं. ही म्हणाली, हे तर मी रोज सकाळी ऐकते, तुम्ही बाथरूमकडे जाताना. मास्तरांकडे गेलो आणि सांगितलं. ते म्हणाले, मला दोन महिने माहीत आहे, तू कधी सांगतोस ते बघत होतो, एक तारखेपर्यंत बोलला नसतास तर मीच तुला उतरवलं असतं. उडी त्यांच्या मुलीनं मारली, टोप घालून. खोकी मी रचली. दोनदा तपासली. ती खाली पडून हसत उठली तेव्हा मला उडी मारल्यापेक्षा बरं वाटलं. गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. डॉक्टर म्हणतात, चालशील व्यवस्थित, उड्या विसर. बुटाचं काय करू, पाठवू का?"

बुटाचं सांगते, थांब जरा.

तिकडे एक गंमत झाली आहे. रेकॉर्डिस्टनं माझं आधीचं, उशिरा पडणारं चौथं रीळ चुकून दिग्दर्शकासमोर लावलं. चुकून म्हणाली खरी, माझा विश्वास नाही. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "म्हातारा आज पहिल्यांदा म्हातारा वाटला." आता त्याला तेच हवंय. नटाचे काही शॉट पुन्हा घेणार आहेत आणि त्याला डावा पाय ओढायला शिकवायला माणूस शोधताहेत. मी म्हटलं, माझ्या ओळखीत एक आहे, जन्मजात हट्टी, पण पाय उत्तम ओढतो. मास्तर तुला विचारतीलच. नाही म्हणू नकोस, यात उड्या नाहीत.

आता खरं काम. शेवटचं दृश्य माझ्याकडे आलंय. एवढी माणसं मारून झाल्यावर दोन्ही घरांचे म्हातारे गोदामाच्या अंगणातून शेजारी शेजारी चालत बाहेर जातात. बोलत नाहीत. नुसती पावलं, जवळजवळ एक मिनिट. मी आधी एकाची काढली, मग दुसऱ्याची, आणि दोन्ही जोडली. दोनदा केलं. नाही जमत. दोघं एकाच अंगणात आहेत, पण बरोबर चालत नाहीत. एकाचा पाय उशिरा पडत असेल तर शेजारचा नकळत त्याच्यासाठी जरा थांबतो. ते एकट्या माणसाला काढता येत नाही, शेजारी कोणीतरी लागतं.

मी दिग्दर्शकाकडून बुधवारपर्यंत वेळ मागून घेतला आहे. लहान घराचा म्हातारा मी. मोठ्या घराचा तू. डावा जसा पडतो तसाच पडू दे, मी सांभाळून घेईन. आणि हे मी मला माणूस कमी पडतोय म्हणून लिहीत नाही. म्हणजे पडतोय, ते आहेच. पण मला तू हवा आहेस, म्हणून लिहिते आहे. एका दिवसासाठी आलास तरी चालेल.

आता बूट. पाठवू नकोस.

बाबांचं म्हणणं खोटं पडायला नको. पायात घालून ये. डाव्या पायात तुझं काहीही चालेल, बाबांचा डावा इथे फळीवर आहे.

बुधवारी सकाळी दहा वाजता. बेल वाजवू नकोस. जिन्याला एकोणीस पायऱ्या आहेत. सावकाश चढ, मी दाराआड बसलेली असेन.

खडखड